‘त्र’ एकच होता

नाशिक,
२३ जून २०२४

बागाईतदार,
सप्रेम नमस्कार.

परवा आपण फोनवर बोलत असताना तुझा नातू मध्येच घुसला. ‘आजोबांच्या फोटोत छातीवर लाल बिल्ला आहे तो कुठल्या पक्षाचा? तो पक्ष आता कुठाय?’ तू हसलास, ‘वाया गेला रे तो’ म्हणालास, आणि विषय विहिरीवरच्या मोटारीकडे नेलास. बिल्ला शेतकरी संघटनेचा, पक्ष नंतरचा, पण पोराला हा फरक कुठून माहीत असणार? मला मात्र तो ‘वाया’ शब्द रात्रभर टोचत राहिला. त्याचं कारण पत्राच्या शेवटी येईल. फोनवर ते मला सांगता आलं नसतं. आजवर आलंही नाही.

वाडा बिल्डरकडे गेला हे तुला ठाऊक आहेच. आठवडाभर खालचा छापखाना रिकामा करतोय. ट्रेडल मशीन किलोवर गेलं, अक्षरांचे खिळेही किलोवर गेले. शिशाला अजून भाव आहे म्हणे. मोठी लाकडी अक्षरं मात्र भंगारवाल्याने परत केली. ‘चुलीत घाला काका,’ म्हणाला. ती मी ठेवून घेतली. त्यात तळहाताएवढा एक ‘त्र’ आहे. आमच्याकडे त्या मापाचा ‘त्र’ एवढाच. त्र्यंबकच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेचं पोस्टर निघालं की तो खणातून बाहेर यायचा, एरवी धूळ खात पडायचा. १९६२ च्या निवडणुकीआधी मुंबईहून पोस्टरांची ऑर्डर आली आणि ‘त्र’ एकदम कामाला लागला. पण एकच असल्यामुळे ‘स्वतंत्र’ हा शब्द त्या मापात एकदाच बसायचा. वर ‘स्वतंत्र पक्ष’ लावलं की खाली परत ‘स्वतंत्र पक्षाला मत द्या’ म्हणता येईना. वडिलांनी, म्हणजे नानांनी, तोडगा काढला, ‘ताऱ्याला मत द्या’. तारा ही त्यांची निशाणी. पैसे मनिऑर्डरने आले, तेही वेळेवर. बाकीच्या काही मंडळींची तेव्हाची उधारी अजून वहीत आहे, ती वही मात्र मी रद्दीत घातली.

आपण संघटनेत गेलो तेव्हा आपल्याला वाटायचं की सरकारने शेतकऱ्याच्या छातीवरून उठावं हे आपणच पहिल्यांदा म्हणतोय. नाना गालात हसायचे. त्यांच्या स्वतंत्र पक्षाने हेच एकवीस वर्षं आधी म्हटलं होतं. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात सामुदायिक सहकारी शेतीचा ठराव झाला. बांध मोडायचे, जमिनी एकत्र करायच्या, मालकी कागदावर ठेवायची आणि नांगर सगळ्यांनी मिळून धरायचा. चौधरी चरणसिंगांनी तिथल्या तिथे विरोध केला, पण ते काँग्रेसमध्येच राहिले. दंड थोपटले ते राजाजींनी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींनी, वयाची ऐंशी उलटल्यावर. ४ जूनला मद्रासला घोषणा झाली, ऑगस्टच्या १ आणि २ तारखेला मुंबईत पहिलं अधिवेशन. बरोबर मिनू मसानी, कन्हैयालाल मुन्शी, आणि अध्यक्ष म्हणून आंध्रातले शेतकऱ्यांचे पुढारी प्रा. रंगा. ‘परमिट-लायसन्स राज’ हा शब्द राजाजींनीच रुळवला. आपण तो इतका वापरला की जात्यावरच्या ओवीसारखा निनावी झाला.

त्या पक्षाची २१ मूलतत्त्वं होती. नानांनी ती मराठीत करून स्वखर्चाने हँडबिलावर छापली आणि आमच्या माडीवर बैठक बोलावली. मी सात-आठ वर्षांचा, चहाचे कप वर नेण्याच्या कामावर. चौदा माणसं आली होती, त्यात दोघे आमचेच कंपॉझिटर, खालून हात पुसत आलेले. रात्री जेवताना नाना आईला म्हणाले, ‘माणसांपेक्षा तत्त्वं सात जास्त झाली.’ पण एक तत्त्व ते शेवटपर्यंत अभिमानाने सांगायचे. मूलतत्त्वं सोडून बाकी कुठल्याही प्रश्नावर सभासदाने आपलं मत खुशाल वेगळं ठेवावं. राजाजी कट्टर दारूबंदीवाले आणि मसानी दारूबंदीच्या विरोधात, तरी दोघे एका व्यासपीठावर. नानांना यात माणसाची प्रतिष्ठा दिसायची. मला हल्ली वाटतं, ज्या पक्षात कुणी कुणाचं ऐकत नाही त्यात बसायला बरं वाटतं, पण मतदानाच्या दिवशी सकाळी सहाला बूथवर टेबल कोण लावणार?

नातवाला हे सगळं सांगू नकोस, कंटाळेल. पण एक गोष्ट जरूर सांग, कारण ती आपल्या मातीतली आहे. हा पक्ष गुजरातेत फोफावला, ओडिशात तर त्याने मुख्यमंत्री केला, मग महाराष्ट्रात का रुजला नाही? १९६२ ला लोकसभेत १८, १९६७ ला ४४ खासदार, म्हणजे लोकसभेतला सगळ्यात मोठा विरोधी पक्ष. गुजरातेत १६८ पैकी ६६ आमदार, ओडिशात ४९. आणि आपल्या विधानसभेत दोन्ही वेळा भोपळा.

मुंबईच्या फोर्टातल्या पारशी शेटजींचा आणि राजेरजवाड्यांचा पक्ष, असं त्याला हिणवायचे, त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण मला वाटतं खरी मेख ‘सहकार’ या शब्दात होती. राजाजी ‘सहकारी शेती’ म्हटलं की खेड्याला घाबरवू पाहायचे. गुजरातेतला चरोतरचा पाटीदार घाबरला, स्वतंत्रच्या भाईकाकांच्या मागे गेला. आपल्याकडे तोवर प्रवरेला विखे पाटलांचा सहकारी कारखाना उभा राहून दहा वर्षं होत आली होती. आपल्या शेतकऱ्याच्या लेखी सहकार म्हणजे हिरावलेला बांध नव्हता. शेअरचा कागद, उसाची पट्टी आणि चेअरमनच्या घरचं लग्न, हा त्याचा सहकार. त्याला सहकाराची भीती घालणं म्हणजे माशाला पाण्याची भीती घालण्यासारखं. सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये एक तिसरा माणूस, म्हणजे कारखान्याचा, सोसायटीचा, जिल्हा बँकेचा, यशवंतराव चव्हाणांनी असा काही नेमून ठेवला होता की लायसन्स राजसुद्धा ओळखीच्या चेहऱ्याने यायचं. हे नानांना कधी कळलं नाही. कळलं असेल तर ते बोलले नाहीत.

आणि नाशिकची गंमत तर वेगळीच. चीनच्या युद्धात यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्यांना लोकसभेची जागा हवी होती, ती नाशिकची मिळाली. १९६३ ची पोटनिवडणूक बिनविरोध! देशाचा प्रसंग होता, समोर उभं राहायची कुणाला छाती होणार? गावाला कोण कौतुक! आमचा छापखाना मात्र बसून होता. लढतच नाही तर हँडबिल कुणाचं छापणार? ‘लोकशाहीत सुतक लागलंय,’ असं नाना म्हणाल्याचं आई सांगायची. मला वाटतं ते धंद्यावरून बोलले असावेत.

पक्ष वर चढला तो कोणाच्या खांद्यावरून, हेही पाहिलं पाहिजे. १९६२ ला जयपूरच्या गायत्रीदेवी १,९२,९०९ मतं मिळवून निवडून आल्या. ते वर्तमानपत्र नानांनी खुंटीला अडकवून ठेवलं होतं. पण ती मतं राजवाड्याची होती, २१ तत्त्वांची नव्हती. बिहारात रामगढचा राजा आपली माणसं घेऊन आला तसा घेऊन निघूनही गेला. ज्यांच्याकडे विचार होता त्यांच्याकडे मतं नव्हती, आणि ज्यांच्याकडे मतं होती त्यांना विचाराशी कर्तव्य नव्हतं. उद्योगपतींचं म्हणशील तर टाटांनी उघडपणे काँग्रेसबरोबर स्वतंत्रलाही देणगी दिली. पण लायसन्स देणारा हात काँग्रेसचा होता, त्यामुळे धंदेवाल्याची थैली मुख्यतः तिकडेच वळायची. मग १९६९ मध्ये कंपन्यांनी पक्षांना पैसे देण्यावरच कायद्याने बंदी आली. काँग्रेसला ती फारशी जाणवली नाही, ताऱ्याचं तेल संपलं.

त्याच वर्षी जुलैत इंदिराबाईंनी १४ बँका ताब्यात घेतल्या. स्वतंत्रचेच रुस्तम कूपर सुप्रीम कोर्टात गेले, पालखीवालांनी बाजू मांडली, आणि १० फेब्रुवारी १९७० ला अकरापैकी दहा न्यायाधीशांनी तो कायदा मोडीत काढला. नानांनी रविवार कारंजावरून पेढे आणले. चार दिवसांत नवा वटहुकूम! पेढे अजून फडताळात होते. आई म्हणाली, ‘बँक आता आपल्यासारख्यालाही दारात उभं करील म्हणतात, मग तुम्ही रडता कशाला?’ याला नानांकडे उत्तर होतं, घटनेचं कलम होतं, सगळं होतं. पण आईला ते पटलं नाही, आणि देशात आईसारखेच जास्त होते.

१९७१ ला तर पुरती वाताहत. जनसंघ, संघटना काँग्रेस, संयुक्त समाजवादी पक्ष यांच्याबरोबर मोट बांधली. सांगायला काय, तर ‘इंदिरा हटाव’. बाई म्हणाल्या, ते मला हटवा म्हणतात, मी गरिबी हटवा म्हणते. संपलं. ४४ चे ८ झाले. मसानी राजकोटला पडले आणि अध्यक्षपद सोडून मोकळे झाले. पुढच्या वर्षी नाताळच्या दिवशी राजाजी गेले. रंगा काँग्रेसमध्ये परतले. मागे राहिले ते धिप्पाड पिलू मोदी, जे ‘मी सीआयएचा एजंट आहे’ असा बिल्ला लावून संसदेत गेले, कारण तेव्हा विरोध केला की तोच आरोप व्हायचा. ऑगस्ट १९७४ मध्ये त्यांनीच उरलासुरला पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन केला. नागपूरला ठरावाविरुद्ध बोललेले तेच चरणसिंग. म्हणजे शेताच्या बांधापुरतं वर्तुळ पुरं झालं. कारखान्याचं आणि दुकानाचं स्वातंत्र्य मात्र वाटेतच गळून पडलं, चौधरींना त्याची फिकीर नव्हती.

आता सिमेंटचं सांगतो. त्याच १९७४ च्या उन्हाळ्यात छापखान्यावरचं छत गळत होतं, स्लॅब टाकायचा होता. सिमेंट परमिटवर. नानांनी एका कचेरीत वीस पोत्यांचा अर्ज दिला आणि तीन महिने खेटे घातले. शेवटी तिथल्या एका कारकुनानेच कानात सांगितलं, अमुक पुढाऱ्याची चिठ्ठी आणा. पुढारी सत्तेतले. नाना गेले, चिठ्ठी आणली. सिमेंट आलं, पावसाच्या आत स्लॅब पडला. परवा खिळ्यांच्या केसखाली एक जाड पाकीट सापडलं. त्यात पत्र्याचा तारा होता, पक्षाच्या वर्गणीची एक पावती होती, आणि त्या चिठ्ठीची शाईकागदावर काढलेली नक्कल. तिघं एकत्र त्यांनी का ठेवली ते विचारायला ते नाहीत. मी पाकीट तसंच ठेवलंय.

आणि मग आपली पाळी. नोव्हेंबर १९८० तू मला काय सांगणार, मी तुला काय सांगणार! उसाला टनाला तीनशे आणि कांद्याला भाव, पिंपळगावपाशी आग्रा रोडवर बैलगाड्या आडव्या, आणि तू तुरुंगातून आल्यावर वहिनींनी आधी तुला आंघोळ घातली आणि मग बोलल्या. हँडबिलं माझ्याकडची. शरद जोशी बर्नची आंतरराष्ट्रीय पोस्टाची नोकरी सोडून आंबेठाणच्या कोरडवाहू जमिनीत उतरले, हिशोब मांडून दाखवला, आणि ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणाले. नाना तेव्हा थकले होते. मी एक भाषण त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, ‘हा राजाजीच बोलतोय, फक्त याला चिखल लागलेला आहे.’ ८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला महिला अधिवेशन झालं, लाखो बायका. तुझ्या घरातून तिघी गेल्या होत्या, जेवणाचे हाल तू केलेस. त्या मैदानात उभा असताना मला खात्री होती की नानांच्या माडीवरच्या चौदांचा वनवास आता संपला.

नातवाला मी काय म्हणतो ते इथे कळेल. चांदवडला जे आले ते मतपेटीत का नाही आले? १९९४ मध्ये जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, नाव मुद्दाम राजाजींची आठवण ठेवून. काँग्रेसने स्वतःच १९९१ पासून परमिट राज मोडायला घेतलं होतं, म्हणजे आपलं शहरी अर्धं भांडवल तिने उचललं. आणि शेतीला हातही लावला नाही, म्हणजे आपलं खेड्यातलं दुखणं तसंच राहिलं. अशा वेळी तरी पक्ष चालावा की नाही? पण आंदोलनात माणूस शेतकरी म्हणून येतो आणि मतदानाला जाताना मराठा, माळी, वंजारी, दलित म्हणून, नाही तर कारखान्याचा सभासद म्हणून जातो. शिवाय जोशींना मताची भीक मागणं जमायचं नाही. खरं ते तोंडावर सांगायचे, आणि खरं ऐकायला आपल्या लोकांना आवडतं हेही खरं. वसंत व्याख्यानमालेला गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, यशवंतराव महाराज पटांगणात बघ, वक्ता कितीही कडू बोलो, लोक टाळ्या वाजवतात, शेंगा खातात आणि घरी जातात. विधानसभेत २००४ ला राजुऱ्याहून वामनराव चटप एकटे गेले. जोशी त्याच वर्षी राज्यसभेवर गेले ते शिवसेना-भाजप युतीच्या पाठिंब्याने. तिथे २०१० मध्ये महिला आरक्षणाच्या विधेयकाला १८६ विरुद्ध १ मत पडलं, तो एक म्हणजे ते. चांदवड भरवणारा माणूस! त्यांची कारणं मला पटली नव्हती. पण आख्ख्या सभागृहात हात आवरला नाही याचं मला अजून कौतुक वाटतं, कारण...

कारण माझा आवरला होता. ऐक. ९५ ची विधानसभा. पडद्याआड गेलो, फुलीचा शिक्का हातात. आपला उमेदवार येणार नाही हे तुलाही माहीत होतं, मलाही. मला त्या वेळी एक माणूस कुठल्याही परिस्थितीत पडायला हवा होता. म्हटलं, मत वाया कशाला घालवा? आणि शिक्का दुसरीकडे मारला. संध्याकाळी तू निफाडहून फोन केलास, ‘शहरात काय हवा?’ मी म्हणालो, ‘माझं तर आहेच.’ निकाल लागला, आपल्या माणसाची अनामत गेली. तू म्हणालास, ‘चल, तुझं एक तरी होतं.’ एकोणतीस वर्षं झाली. तू परवा ‘वाया’ म्हणालास आणि मी खुर्चीतून उठलो.

मी असा एकटाच असेन असंही नाही. तू कुठे मारलास ते मी विचारत नाही.

यंदाचं तू पाहिलंसच. डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद केली, लासलगावला लिलाव बंद पडले, मेच्या सुरुवातीला खुली केली ती ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क लावून, आणि २० मेला मतदान. ४ जूनला दिंडोरीत केंद्रातल्या मंत्रीणबाई पडल्या. ‘कांद्याने पाडलं’ असं तू कळवलंस. ४ जून म्हणजे मद्रासच्या घोषणेचीच तारीख, पण मला त्यातला दुसराच आकडा डोक्यात बसला. ‘तुतारी’ निशाणी मिळालेल्या एका अपक्षाला लाखावर मतं! लोकांना वाटलं हीच पवारांची तुतारी, आडनावही पवारांच्या उमेदवाराचंच. आपण एवढे अभ्यासवर्ग घेतले, आंबेठाणला सतरंज्यांवर झोपलो, घटनेच्या नवव्या परिशिष्टावर रात्री घालवल्या, आणि इथे नुसत्या पिपाणीला लाख मतं. निर्यात खुली पाहिजे असं तर प्रचारात सगळेच म्हणत होते. सत्तेत आल्यावर ते धरून बसेल असा त्यातला कोण, सांग.

आणि नातवाला हेही सांग, तो उद्या तसा पक्ष काढायला निघाला तर. १९८९ पासून कायदा असा आहे की नोंदणी करताना समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते. नव्वदच्या दशकात मुंबईत शिल्लक असलेल्या स्वतंत्रवाल्यांनी याविरुद्ध हायकोर्ट गाठलं होतं. म्हणजे ताऱ्याखाली सही करायची आणि वर शपथ समाजवादाची. नाना असते तर त्या मजकुराचं प्रूफ त्यांनी तीनदा वाचलं असतं.

‘त्र’ तुझ्याकडे पाठवतोय, गुरुवारी भाचा पिंपळगावला येतोय त्याच्याबरोबर. नातवाला दे. उलटा कोरलेला आहे, त्याला म्हणावं आरशात बघ. बेदाण्याची पिशवी पोहोचली असं वहिनींना सांग, यंदाचा माल गोड आहे पण देठं राहिलीत. इकडे पाऊस अजून नावाला; गंगेवर काल गेलो होतो, दुतोंड्या मारुतीच्या पायालासुद्धा पाणी लागलेलं नाही. चाळीतला कांदा अजून किती ठेवणार आहेस? मी असतो तर अर्धा काढला असता, पण माझं कुठल्याच बाबतीत ऐकू नकोस.

रागावला असलास तर पत्रानेच रागाव.

तुझा,
छापखानेवाला